दफनस्थळे आणि गलगंड : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजा तालुक्यातले मेहुणा राजा हे संत चोखामेळा यांचे जन्मगाव मानले जाते. पुढे मंगळवेढ्यात गावकुसाचे बांधकाम कोसळले आणि इतर मजुरांबरोबर चोखोबाही त्याखाली गाडले गेले. परंपरा हे वर्ष 1338 सांगते. नामदेव तिथे गेले, ढिगाऱ्यातली हाडे एकेक करून कानाशी धरली, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून ओळखली आणि पंढरपूरला आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी केली, असे वारकरी पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. श्रद्धेला तिचे स्थान आहेच. पण अभ्यासकाने या कथेत तीन प्रश्न पाहावेत. एकमेकांत मिसळलेल्या हाडांतून माणूस कसा ओळखायचा? त्याला कुठे ठेवायचे हे कोण ठरवते? आणि त्याची जागा मंदिराच्या आत नसून बाहेर का असते? दफनस्थळांचा कोणताही गंभीर अभ्यास या तीन प्रश्नांवाचून पुढे सरकत नाही.

या प्रस्तावनेत त्यांना चौथा प्रश्न जोडायचा आहे: त्या माणसाला आजार काय होता? आणि आजारांपैकी मी मुद्दाम थायरॉईडचा निवडला आहे. कंठाच्या पुढच्या बाजूला बसलेली ही ग्रंथी मोठ्या माणसात जेमतेम 15 ते 25 ग्रॅमची असते. मृत्यूनंतर ती थोड्याच काळात मातीत मिसळून जाते. क्षय, कुष्ठ, मुडदूस हे आजार हाडांवर उघड खुणा सोडतात. थायरॉईड मात्र काहीच ठेवून जात नाही, असे प्रथमदर्शनी वाटते. मग दफनस्थळांचा आणि या ग्रंथीचा संबंध काय, असे वाचक विचारेल. संबंध आहे, आणि तो लहान मुलांच्या हाडांतून जातो. मातीत कोण आहे हे नीट कळल्याशिवाय मातीतला आजार वाचता येत नाही, हे या क्षेत्राचे पहिले सूत्र आहे. ते समजून घेण्यासाठी दफनांचा आणि थायरॉईडचा असे दोन्ही इतिहास थोडक्यात सांगतो.

मृतांच्या जागा

सुरुवात आपल्या बुलढाण्याच्या परिसरापासून करू. शेजारच्या सिंदखेड राजा इथे लखुजीराजे जाधवांची घुमटाची भव्य समाधी आहे. 1629 मध्ये दौलताबादच्या किल्ल्यात निजामशाही दरबारात लखुजीराजे, त्यांचे दोन पुत्र आणि एक नातू यांची हत्या झाली. त्यांच्या स्मरणार्थ ही वास्तू उभी राहिली. बुलढाणा जिल्ह्यातल्याच साखरखेर्डा इथे 1724 मध्ये निजामउल्मुल्क आणि मुबारिझखान यांची लढाई झाली, मुबारिझखान मारला गेला आणि हैदराबादच्या निजामशाहीचा पाया पक्का झाला. राजांच्या आणि रणांगणांच्या या जागा इतिहासाच्या पुस्तकांत सापडतात. मात्र राजघराण्यांच्या छत्र्या आणि समाध्या ही बहुधा दहनानंतर उभारलेली स्मारके असतात. वास्तुकलेच्या अभ्यासकाला तिथे पुष्कळ मिळते. आजारांच्या अभ्यासकाला फारसे काही मिळत नाही.

आपल्याला पाहायच्या आहेत त्या गावाकडच्या साध्या जागा. मुसलमान समाजाचे कब्रस्तान, ख्रिस्ती दफनभूमी, लिंगायतांची रुद्रभूमी, गोसाव्यांच्या समाध्या, महानुभावांच्या दफनाच्या जागा, सातपुड्याच्या पायथ्याशी कोरकूंनी मृतांच्या स्मरणार्थ रोवलेले कोरीव लाकडी मुंडे. लिंगायतांमध्ये देह बसलेल्या स्थितीत ठेवतात. संन्यासी आणि गोसावी यांना समाधी देताना देहाभोवती मीठ भरण्याची चाल आहे. ज्या मिठाशी पुढे थायरॉईडच्या संदर्भात आपली वारंवार गाठ पडणार आहे, ते मृत्यूच्या विधीत असे आधीच येऊन बसलेले आहे.

आणि या सगळ्यांइतकीच महत्त्वाची, पण कुठल्याही नकाशावर नसलेली एक जागा जवळपास प्रत्येक गावात असते: लहान मुले पुरण्याची. ज्या जातींमध्ये मोठ्या माणसांना अग्नी देतात, त्यांच्यातही दात न आलेल्या बाळाला पुरतात. नदीकाठी, ओढ्याच्या कडेला, बांधावरच्या एखाद्या झाडाखाली अशी जागा ठरलेली असते. धर्मशास्त्रांनीही दोन वर्षांआतल्या बाळासाठी दहनाऐवजी दफन सांगितले आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात अंत्येष्टीचा सविस्तर विचार केला आहे; या विषयात शिरणाऱ्याने तो भाग वाचलाच पाहिजे. त्यातून एक गोष्ट ध्यानात येते. दहन करणाऱ्या समाजाचे प्रौढ मातीतून जवळजवळ नाहीसे होतात, उरतात ती बाळे. त्यामुळे दफनस्थळ म्हणजे त्या गावच्या सगळ्या लोकसंख्येचा नमुना असे समजून चालणे ही या क्षेत्रातली सर्वांत मोठी चूक ठरते. कोणाला पुरायचे, कुठे आणि कसे, हे समाजाने आधीच ठरवलेले असते. अभ्यासकाच्या हाती येते ते या निवडीतून उरलेले.

उत्खननाचा इतिहास

महाराष्ट्रातल्या प्राचीन दफनांचा अभ्यास विदर्भातच सुरू झाला, हे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना अभिमानाने सांगावेसे वाटते. नागपूरच्या परिसरात लोहयुगातली शेकडो शिळावर्तुळे पसरलेली आहेत: मोठमोठे दगड गोलाकार मांडून त्यांच्या मधोमध दगडमातीचा भराव, आणि भरावाखाली मृताचे अवशेष, लोखंडी हत्यारे, भांडी, मणी. स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांच्याकडे लक्ष वेधले. भूस्तरशास्त्रातही त्यांचे काम मोठे होते. सप्टेंबर 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पूर आलेला ओढा ओलांडताना ते बुडाले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. पुढे ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅक यांनी जुनापाणीच्या शिळावर्तुळांवर आणि त्यांच्या दगडांवर कोरलेल्या वाटीसारख्या खळग्यांवर लिहिले. सुमारे शंभर वर्षांनी शां. भा. देव यांनी नागपूर विद्यापीठाच्या वतीने टाकळघाट-खापा आणि माहुरझरी इथे पद्धतशीर उत्खनने केली. माहुरझरीत माणसांबरोबर घोडेही पुरलेले निघाले, त्यांच्या तोंडावरच्या तांब्याच्या अलंकारांसह. नैकुंडला लोखंड वितळवण्याची भट्टी सापडली. ही माणसे कोण होती, काय खात होती, कशाने मेली, हे प्रश्न तिथून पुढे आले.

दुसरा प्रवाह पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून निघाला. ह. धी. सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली नेवासे आणि नंतर इनामगाव इथे झालेल्या उत्खननांनी महाराष्ट्राचा ताम्रपाषाणयुगीन शेतकरी प्रथमच आपल्यासमोर आणला. घोड नदीकाठच्या इनामगावात 1968 ते 1983 या काळात सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी काम केले. वस्तीचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700. तिथे दोनशेहून अधिक दफने मिळाली आणि त्यांतली बहुसंख्य लहान मुलांची आहेत. घराच्या जमिनीतच खड्डा घेऊन करड्या रंगाचे दोन मोठे कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, आत बाळाचा देह, डोके उत्तरेकडे. मोठ्या माणसांना जमिनीत सरळ निजवत, पण घोट्याखालची पावले तोडून. एका घराच्या अंगणात पोटाचा आकार असलेला चार पायांचा मातीचा रांजण निघाला, त्यात चाळिशीच्या सुमाराचा पुरुष बसलेला. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या गावात बाळ घरातच ठेवत होते. आपल्या गावात ते ओढ्याकाठी ठेवतात. प्रौढांपेक्षा बाळाला वेगळे वागवण्याची रीत मात्र दोन्हीकडे आहे.

या हाडांवर पुढे जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी काम केले. दात आणि हाडे यांवरून मुलांचे वय ठरवले, दातांच्या वरच्या थरावरचे वाढखुंटीचे पट्टे मोजले. नंतर ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगाव, नेवासे आणि दायमाबाद इथल्या मुलांच्या हाडांवरून बदलते हवामान, माता आणि बाळांचे आरोग्य यांचा संबंध तपासला. त्यांचे पुस्तक 2011 मध्ये आले. राजस्थानात उदयपूरजवळच्या बालाथल इथे शेणाच्या राखेत पुरलेल्या एका माणसाच्या सांगाड्यावर कुष्ठरोगाच्या खुणा मिळाल्या. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा हा पुरावा 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. ही सगळी कामे आपल्याला धीर देणारी आहेत. आजार मातीतून वाचता येतो.

थायरॉईडचा शोध

आता दुसरा इतिहास. गळ्याला येणारी गाठ माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांत गलगंडाचे वर्णन आहे. पण कारण सापडायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. 1811 मध्ये फ्रान्समध्ये बर्नार कुर्त्वा यांना समुद्रशेवाळाच्या राखेत आयोडीन मिळाले. 1820 मध्ये जिनिव्हाच्या कॉईंदे यांनी ते गलगंडाच्या रोग्यांना देऊन पाहिले. गाठी उतरल्या, पण मात्रा जास्त झाल्याने काहींना त्रासही झाला आणि उपाय बदनाम झाला. 1891 मध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून थायरॉईड मंदावलेल्या एका बाईला बरे केले. 1895 मध्ये ओइगेन बाउमान यांनी ग्रंथीतच आयोडीन असल्याचे दाखवले. ग्रंथीवरच्या शस्त्रक्रियेसाठी थिओडोर कोखर यांना 1909 चे नोबेल मिळाले. 1912 मध्ये हाकारू हाशिमोतो यांनी चार स्त्रियांच्या ग्रंथींचे सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र वर्णन केले. आज ज्याला आपण हाशिमोतोचा आजार म्हणतो, तो शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच आपल्या ग्रंथीवर केलेला हल्ला असतो हे 1956 मध्ये स्पष्ट झाले. 1914 च्या नाताळात एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन वेगळे काढले.

भारतातला धागा हिमालयातून येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन हे डॉक्टर गिलगिटमध्ये होते. एकाच ओढ्यावर वर-खाली वसलेल्या वाड्यांत गलगंडाचे प्रमाण वरून खाली वाढत जाते, असे त्यांना दिसले. पाण्यातला गाळ गाळून तो त्यांनी स्वतः आणि काही स्वयंसेवकांनी रोज घेऊन पाहिला. काहींच्या गळ्याला खरोखर सूज आली. दूषित पाणीच मूळ आहे असा त्यांचा निष्कर्ष पुढे अपुरा ठरला. पण गावोगाव फिरून, प्रत्येक गावची लोकसंख्या मोजून, पाण्याच्या प्रवाहाप्रमाणे रोगाचा नकाशा करण्याची त्यांची पद्धत आजही शिकण्यासारखी आहे.

निर्णायक काम कांगडा खोऱ्यात झाले. 1956 मध्ये व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी सुमारे एक लाख लोकवस्तीच्या प्रदेशाचे तीन भाग केले. एका भागाला पोटॅशियम आयोडाइड घातलेले मीठ, दुसऱ्याला साधे, तिसऱ्याला पोटॅशियम आयोडेट घातलेले. 1962 पर्यंत आयोडीनयुक्त मिठाच्या दोन्ही भागांत शाळकरी मुलांतला गलगंड ठळकपणे घटला; साध्या मिठाच्या भागात तसे झाले नाही. मग तिथेही आयोडीनचे मीठ सुरू केले. 1973 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये आलेल्या अहवालाच्या लेखकांत एम. जी. देव आणि एम. जी. करमरकर ही दोन मराठी नावे आहेत. कांगड्याच्या कामाच्या पायावर 1962 चा राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला आणि 1992 मध्ये त्याचे नाव बदलून आयोडीनच्या कमतरतेने होणाऱ्या सगळ्याच विकारांचा समावेश झाला. खाण्यासाठी आयोडीनविरहित मिठाच्या विक्रीवरची देशव्यापी बंदी मे 2006 पासून लागू आहे. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात प्रति दशलक्ष भागांत किमान 15 भाग आयोडीन असले पाहिजे, असे मानक आहे.

मुंबईतही मोठे काम झाले. परळला 1963 मध्ये अणुऊर्जा खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले आणि किरणोत्सारी आयोडीनने थायरॉईडची तपासणी व उपचार होऊ लागले. बाई जेरबाई वाडिया रुग्णालयाच्या मीना देसाई आणि सहकाऱ्यांनी नवजात बाळांच्या रक्ताचे थेंब टिपकागदावर घेऊन जन्मजात थायरॉईड-न्यूनता शोधण्याचे काम केले. त्यांना सुमारे 2640 बाळांमागे एक असे प्रमाण मिळाले. आपल्याकडचे सुरुवातीचे प्रमाण म्हणून ते आजही उद्धृत होते.

मिठाबद्दल एक गैरसमज इथेच दूर करतो. समुद्राच्या पाण्यापासून केलेल्या साध्या मिठात आपोआप पुरेसे आयोडीन असते, असे अनेकांना वाटते. तसे नाही. आयोडीन पावसाने जमिनीतून धुपून समुद्रात जाते आणि शेवाळ, मासे यांत साठते; साध्या मिठात ते नगण्य असते. सैंधवाचेही तेच. प्रौढ माणसाला रोज 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. सत्तर वर्षांचा हिशेब केला तर आयुष्यभराची गरज चार ग्रॅमही भरत नाही. इतक्या थोड्या मात्रेवर बुद्धी, उंची, ऐकू येणे आणि गर्भाची वाढ अवलंबून असते.

दोन इतिहास कुठे भेटतात

प्रौढाच्या सांगाड्यात थायरॉईडचे निदान करणे अवघड आहे, हे आधी मान्य करू. ग्रंथी अतिसक्रिय असेल तर हाडे विरळ होतात, पण विरळ हाडांना इतरही अनेक कारणे असतात. हाशिमोतोचा आजार हाडांत ओळखता येत नाही. त्याचा इतिहास दफनस्थळांतून कधीच लिहिता येणार नाही. एखाद्या जुन्या गलगंडात चुन्याचा थर साठून कठीण गाठी तयार होतात. त्या टिकतात, पण मानेच्या मणक्यांजवळ मिळालेला लहानसा पांढरा खडा उत्खनकाला साधा कंकर वाटतो आणि तो मातीबरोबर फेकला जातो. म्हणून सांगाड्याच्या मानेखालची, दोन्ही हंसड्यांच्या मधली माती वेगळी काढून बारीक चाळणीने चाळावी आणि सापडलेला प्रत्येक खडा जागेच्या नोंदीसह ठेवावा. आपल्या काळ्या मातीत तर कंकर खच्चून भरलेले असतात. खडा हाडांजवळ कुठल्या पातळीवर होता, त्याची आतली रचना कशी आहे, हे पाहिल्याशिवाय त्याला गलगंड म्हणायचे नाही आणि फेकूनही द्यायचा नाही.

मुलांचे मात्र वेगळे आहे. जन्मापासून थायरॉईड अपुरी असेल आणि उपचार मिळाले नाहीत, तर हाडे उशिरा घट्ट होतात, मांडीच्या हाडाचे वरचे टोक ठिपक्याठिपक्यांनी, विस्कळीत वाढते, टाळू उशिरा भरते, दात उशिरा येतात, हातपाय धडाच्या मानाने आखूड राहतात. गर्भाची स्वतःची ग्रंथी काम करू लागेपर्यंत आणि नंतरही काही प्रमाणात तो आईच्या हार्मोनवर वाढतो. त्यामुळे बाळाच्या हाडात आईच्या आहाराची आणि तिच्या थायरॉईडचीही काही नोंद असते. आणि आपण वर पाहिले की दहन करणाऱ्या समाजातही बाळांना पुरतात. म्हणजे ज्या वयात ही ग्रंथी हाडांवर सर्वांत स्पष्ट लिहिते, नेमके त्याच वयाचे अवशेष आपल्या परंपरांनी मातीत राखून ठेवले आहेत. या अभ्यासक्षेत्राची सगळी आशा या एका गोष्टीवर उभी आहे.

आशेबरोबर हिशेबही हवा. मुंबईतले प्रमाण 2640 मागे एक होते. इनामगावची दोनशे-अडीचशे दफने घेतली, तर तुरळक जन्मजात रुग्ण त्यांत एकही नसण्याचीच शक्यता फार. आजारी बाळे जास्त मरतात आणि म्हणून दफनांत त्यांचे प्रमाण थोडे वाढेल, हे धरले तरी फरक मोठा पडत नाही. म्हणून एखाद्या दफनात संशयास्पद हाड मिळाले तर लगेच थायरॉईड म्हणू नये. मुडदूस, उपासमार, अकाली जन्म हे पर्याय आधी तपासावेत. पण एकाच वस्तीत एकाहून अधिक मुलांत तशाच खुणा मिळाल्या, तर तिथे जमिनीतच आयोडीन कमी होते का, हा प्रश्न विचारणे योग्य ठरेल. एका हाडावरून निदान करता येत नाही, समूहावरून शंका घेता येते. वैद्यकाकडून शिकायची शिस्त ही आहे. पुरातत्त्वाकडून शिकायची दुसरी शिस्त अशी: हाडे पुरल्यावर आजूबाजूच्या मातीतून रसायने शोषून घेतात, काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तिच्या ताणाने हाडे मोडतात. हाडावरची प्रत्येक खूण आजाराची नसते.

लिखित नोंदींची बाजूही पाहावी. विदर्भात जन्म-मृत्यूची जुनी नोंद कोतवाल बुकात मिळते. जातीच्या दाखल्यासाठी लोक आजही तिची नक्कल काढतात. पण मृत्यूच्या नोंदींत गलगंड फारसा सापडणार नाही, कारण माणूस गलगंडाने सहसा मरत नाही, तो घेऊन जगतो. बहिरी, उंची न वाढलेली, संथ बुद्धीची म्हणून ज्यांना गावाने नावे ठेवली, त्यांच्यापैकी काहींचा आजार आज एका स्वस्त गोळीने आटोक्यात राहिला असता. त्यांची नोंद कुठल्याही वहीत नाही. त्यांची जागाही बहुधा गावाच्या कडेलाच असेल. म्हणून वही आणि दफनस्थळ दोन्ही वाचावे लागतात, आणि दोन्हींत जे नाही त्याचाही विचार करावा लागतो.

काम करणाऱ्यांना

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनो, तुमचे मनापासून स्वागत. तुम्ही वैद्यकशाखेचे असाल तर हाडांच्या आधी गाव समजून घ्या. इतिहासाचे असाल तर दातांचा उगवण्याचा क्रम, हाडांची टोके कधी जुळतात, थायरॉक्सिन शरीरात काय करते, हे शिकून घ्या. दोघांनीही एक नियम पाळा: स्वतः काहीही उकरू नका. प्राचीन स्थळांचे उत्खनन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवान्याशिवाय करता येत नाही, आणि चालू दफनभूमीत घुसखोरी करून मृतांची विटंबना करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 301 खाली गुन्हा आहे. कायद्याच्याही आधी आपली जबाबदारी आहे. ज्या आईने आपले बाळ ओढ्याकाठी ठेवले, ती कदाचित अजून गावात आहे. तिची जागा अभ्यासाचे साहित्य म्हणून नकाशावर टाकण्याआधी तिला आणि तिच्या घरच्यांना विचारा. त्यांनी नाही म्हटले तर ती जागा सोडून द्या.

उकरल्याशिवाय करण्यासारखे काम पुष्कळ आहे. गावातल्या प्रत्येक समाजाची दफनाची जागा कुठे आहे, ती किती जुनी मानतात, तिथे कोणाला पुरतात आणि कोणाला नाही, रस्ता किंवा वीटभट्टी यांनी तिचा कोणता भाग गेला, हे ज्येष्ठांना विचारून लिहून काढा. लोणार, मेहकर, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा या चारही तालुक्यांत रस्त्यांची कामे, शेततळी, विहिरी चालू आहेत. खोदकामात जुने कुंभ, हाडे किंवा दगडांचे वर्तुळ निघाले तर काम थांबवून तहसील कार्यालयाला आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. त्याआधी कोणालाही वस्तू उचलू देऊ नका. मानेजवळचा खडा तर मुळीच नाही.

दुसरे काम जिवंतांसाठी. या क्षेत्राचा सगळा इतिहास एकाच निष्कर्षाकडे येतो: लहान मुलातली थायरॉईड-न्यूनता वेळेवर ओळखली, तर तिने होणारी हानी जवळजवळ पूर्णपणे टाळता येते. जन्मानंतर दोन-तीन दिवसांत बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवर ही तपासणी होते, आणि पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिन सुरू केले तर बहुतेक मुले इतरांसारखीच वाढतात. आपल्या घरात, शेजारी, नात्यात बाळ जन्माला आले की रुग्णालयात विचारा: थायरॉईडची तपासणी झाली का? झाली नसेल तर करून घ्या. स्वयंपाकघरातले मीठ आयोडीनचे आहे ना, ते पाकिटावर वाचा आणि बरणीला झाकण लावा, कारण उघड्या, दमट जागी आयोडीन उडून जाते. गरोदर बाईला तिची थायरॉईडची तपासणी झाली का हे विचारा. तिची गरज रोज 250 मायक्रोग्रॅमची असते.

या अभ्यासाला इथून सुरुवात करा. गावच्या दफनस्थळांची यादी तुम्ही करा, ती तुमच्या शाळेत आणि ग्रामपंचायतीत ठेवा, आणि पुढच्या बाळाच्या टाचेची तपासणी चुकू देऊ नका.